समुपदेशकाचा पेशा : किती तास, कोणाच्या हाताखाली?

या पानावर सुताचे भाव, बँकेचे कर्ज आणि जीएसटीचे फॉर्म यांविषयी वाचायची आपल्याला सवय आहे. आज ज्या पेशाविषयी लिहायचे आहे त्याला गोदाम लागत नाही आणि मालही लागत नाही. दोन खुर्च्या, एक बंद दार आणि शिकलेले कान एवढेच त्याचे भांडवल. हा पेशा समुपदेशकाचा. मनाची तक्रार घेऊन आलेल्या माणसाचे नीट ऐकायचे आणि त्याला स्वतःची वाट शोधायला मदत करायची, हे त्याचे काम.

मी कपड्याचा व्यापारी. शाळा उर्दू माध्यमाची, पुढचे शिक्षण बाजारात झाले. या विषयाशी माझा संबंध आला तो मुलीमुळे. तिने बी.ए.ला मानसशास्त्र घेतले आणि पुढे समुपदेशक व्हायचे म्हणाली. मी हसलो. म्हटले, "बेटा, ऐकण्याचे पैसे कोण देतो? माझ्या दुकानात रोज दहा जण येऊन आपले दुखणे सांगतात. वर चहाही मीच पाजतो." ती म्हणाली, "अब्बा, तुम्ही ऐकत नाही. तुम्ही नसीहत देता." त्या वेळी मला ते उर्मट वाटले. आता कळते की तिने एका वाक्यात या पेशाचा पहिला धडा सांगितला होता.

आमची पहिली चूक

पालक म्हणून मी व्यापाऱ्यासारखाच विचार केला : लवकर आणि स्वस्तात काय होते? एका खासगी संस्थेची जाहिरात होती : तीन महिन्यांत 'सर्टिफाइड कौन्सेलर', फी अठरा हजार रुपये. मी पैसे भरले. बारा रविवार मुलगी वर्गाला गेली. छापील नोट्स मिळाल्या, शेवटी सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र मिळाले. आम्ही ते चौकट करून भिंतीवर लावले.

ते घेऊन ती एका ट्रस्टच्या दवाखान्यात काम मागायला गेली. तिथल्या डॉक्टरबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि दोनच प्रश्न विचारले, "किती तास रुग्णांबरोबर बसलीस? कोणाच्या हाताखाली?" उत्तर होते, एकही तास नाही आणि कोणाच्याही नाही.

घरी येऊन तिने हे सांगितले तेव्हा मला माझीच लाज वाटली. कारण माझ्या सायझिंगवर किंवा मागावर कोणी नवा कारागीर आला तर मीही हेच विचारतो. तुटलेला धागा सांधायला पुस्तक वाचून कोणी शिकत नाही. जरीवाला, चर्मकाम करणारा, गाडीचा मेकॅनिक, सगळ्यांची हीच रीत आहे : उस्तादाजवळ बसायचे, हात चुकवायचे, उस्तादाने हात धरून सुधारायचे. आपल्या समाजाला ही शागिर्दी कोणी शिकवायला नको. तरी मुलीच्या बाबतीत मी कागद विकत घेतला. हा लेख लिहिण्याचे कारण एवढेच की तुम्ही तो घेऊ नये.

कोण काय करू शकतो?

पहिल्यांदा नावांचा गोंधळ मिटवला पाहिजे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस.नंतर मनोविकारांत पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर. औषध तो लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट डॉक्टर नसतो, पण मनोविकाराची तपासणी आणि बोलण्यातून उपचार यांचे खास शिक्षण घेतलेला असतो. त्याची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआयकडे होते. त्यासाठी १९९२ चा कायदा आहे. समुपदेशक हा तिसरा. घरातील बेबनाव, परीक्षेची भीती, धंद्यातील नुकसानीने आलेली उदासी, व्यसन सोडण्याची धडपड, जवळच्या माणसाच्या मृत्यूचे दुःख अशा गोष्टींत तो माणसाबरोबर बसतो. तो औषध देत नाही. ज्याला आवाज ऐकू येतात, ज्याचा जीव द्यायचा विचार पक्का होत चालला आहे, अशा माणसाला ओळखून वेळेवर डॉक्टरकडे पाठवणे हे त्याच्या शिक्षणाचे महत्त्वाचे अंग आहे.

आपल्या हकीम बंधूंनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत मुआलिजात (नफसियात) या विषयात पदव्युत्तर पदवी घेतलेल्या युनानी चिकित्सकांचाही समावेश आहे.

समुपदेशकासाठी मात्र आपल्या देशात बराच काळ परवान्याची पद्धत नव्हती. त्यामुळे कोणीही पाटी लावू शकत होता आणि तीन महिन्यांची दुकाने त्यातूनच निघाली. आता चित्र बदलते आहे. २०२१ साली संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आरसीआयकडेच राहिले, पण इतर मानसशास्त्रज्ञ आणि आरोग्य क्षेत्रातील समुपदेशक या नव्या कायद्याच्या यादीत आले. म्हणजे उद्या नोंदणीच्या वेळी शिक्षण कुठे आणि कसे झाले हे विचारले जाणार. आज आडवाट धरली तर तेव्हा अडचण होईल.

शिक्षणाची सरळ वाट

बारावी कोणत्याही शाखेतून चालते. त्यानंतर मानसशास्त्र घेऊन पदवी, मग समुपदेशन किंवा क्लिनिकल मानसशास्त्रात दोन वर्षांचे एम.ए. मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग कलिन्याला आहे. १९३६ साली स्थापन झालेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था देवनारला आहे. समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम.एस.डब्ल्यू., हीही एक वाट आहे. दवाखाने, न्यायालये आणि संस्थांतील समुपदेशनाच्या पुष्कळ जागा त्या वाटेने मिळतात.

ज्याला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचे आहे त्याने आरसीआयची मान्यता पाहिल्याशिवाय प्रवेश घेऊ नये. पूर्वी त्यासाठी दोन वर्षांची एम.फिल. होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद केली. या विषयाला २०२५-२६ च्या प्रवेशापर्यंत सवलत दिली. पुढच्या प्रवेशासाठी त्या वर्षी कोणता अभ्यासक्रम मान्य आहे ते आरसीआयच्या यादीत पाहावे.

दुकान सांभाळून घरबसल्या एम.ए. करण्याचा विचार असलेल्यांसाठी एक सूचना. यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरशिक्षण व ऑनलाइन प्रवेश थांबवले आहेत. तरीही कोणी पत्राने पदवी देतो म्हणत असेल तर खिशाला हात लावू नका.

थोडक्यात, बारावीनंतर पाच वर्षे आणि त्यावर निदान एक वर्ष कोणाच्या तरी देखरेखीखाली काम. सहा वर्षांचा हिशेब धरून चालावे.

शागिर्दीत काय शिकवतात?

माझ्या मुलीने पुन्हा एम.ए.ला प्रवेश घेतला तेव्हा मी रोज विचारायचो, आज काय शिकलीस? तिच्याकडून जे कळले ते सांगतो.

सुरुवातीला विद्यार्थी तिघा-तिघांत बसतात. एक बोलतो, दुसरा ऐकतो, तिसरा दोघांकडे पाहतो. मग तिसरा सांगतो : तू त्याचे वाक्य मध्येच तोडलेस. तो वडिलांविषयी बोलत होता, तू विषय नोकरीवर नेलास. तो गप्प झाला तेव्हा तुला घाई झाली. दोन मिनिटे शांत बसणे किती कठीण असते हे एकदा करून पाहा. आम्हा व्यापाऱ्यांना तर गिऱ्हाईक गप्प झाले की भाव कमी करायची सवय!

पुढे खऱ्या रुग्णांबरोबर बसवतात. त्यांची परवानगी घेऊन बोलणे ध्वनिमुद्रित करतात. विद्यार्थी ते शब्दशः उतरवून काढतो आणि मार्गदर्शक ओळ न ओळ तपासतो. हा प्रश्न का विचारलास? इथे तू त्याला समजून घेत होतीस की स्वतःला हुशार दाखवत होतीस? खुर्चीत बसलेल्या माणसाचा राग आला तर तो कुठून आला? आमच्याकडे तपासणीस कापड उजेडावर धरून तुटका धागा शोधतो, तसेच हे.

अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) यांनी १९५७ साली एक निबंध लिहिला. समुपदेशकात मुख्यतः तीन गोष्टी हव्यात असे त्यांनी मांडले : आतबाहेर एकच असणे, समोरच्याला अटी न घालता स्वीकारणे आणि त्याचे जग त्याच्या जागेवरून समजून घेणे. वाचायला पाच मिनिटे लागतात. अंगी यायला वर्षे लागतात, आणि तीही कोणी चुका दाखवणारा असेल तर.

गोव्याचा धडा

कोणी म्हणेल, इतके शिक्षण सगळ्यांना कुठले परवडणार? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शेजारच्या गोव्यात आहे. तिथे १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगत' या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या माणसांना समुपदेशक म्हणून तयार केले. त्यांच्याकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती. तीव्र नैराश्याच्या रुग्णांबरोबर त्यांनी आठवड्याला एक अशा सहा ते आठ बैठका घ्यायच्या, प्रत्येक बैठक अर्ध्या-पाऊण तासाची. या प्रयोगात ४९५ रुग्ण होते आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. तीन महिन्यांनंतर पाहणी केली तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. ज्यांना फक्त नेहमीची सेवा मिळाली त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होते.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पुढची गोष्ट पाहा. या लोकांना वर्गात शिकवले सुमारे तीन आठवडे, आणि त्यानंतर देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करवून घेतले सुमारे सहा महिने. पुढेही दर आठवड्याला ते एकत्र बसत, एकमेकांच्या ध्वनिमुद्रित बैठका ऐकत आणि त्यांना गुण देत. म्हणजे पदवी नसली तरी त्यांचे काम चालले, पण शागिर्दी सोडली नाही. आमच्या बारा रविवारांत नेमके हेच नव्हते.

दूर झिम्बाब्वेतही असेच घडले. हरारे शहरात २००६ साली डॉ. डिक्सन चिबांडा यांनी १४ आजीबाईंना प्रशिक्षण देऊन दवाखान्याबाहेर बाकावर बसवले. तिथल्या शोना भाषेत उदासीला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणे. आजीबाई त्याच शब्दात बोलत.

यात उर्दू माध्यमातून आलेल्या आपल्या मुलांसाठी दिलासा आहे. पुस्तके इंग्रजीत असतात, पहिले वर्ष जड जाते, हे खरे. पण कारखान्यातला मजूर 'डिप्रेशन' म्हणत नाही. तो म्हणतो, दिल बैठ रहा है, घबराहट होती है, वसवसे आते हैं, काम में जी नहीं लगता. हे शब्द ज्याच्या घरचे आहेत तो समुपदेशक त्याला लवकर समजेल. मराठी आणि उर्दू दोन्ही जाणणारा समुपदेशक आपल्या वस्त्यांत शोधून काढावा लागतो.

दवा आणि दुआ

समाजात अजून अनेक जण आधी दर्ग्यावर जातात. त्याची टिंगल करून काही साधत नाही, आणि डोळे झाकूनही चालत नाही. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आश्रयगृहाला आग लागली. तिथे मनोरुग्णांना साखळदंडाने बांधून ठेवले होते. पळता न आल्याने २८ जण जळून मेले. याउलट गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथे हजरत सैयद अली मीरा दातार यांच्या दर्ग्यात २००८ पासून 'दवा और दुआ' हा उपक्रम सुरू झाला. मुजावरांना आजार ओळखायला शिकवले गेले. दुआ झाल्यावर ते रुग्णाला आवारातल्याच मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवू लागले.

मनावर बोलण्याने इलाज ही कल्पनाही आपल्याला परकी नाही. अबू झैद अल-बल्खी (मृत्यू ९३४) यांनी 'मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस' या ग्रंथात शरीराबरोबर मनाच्या आजारांचा वेगळा विचार केला आहे. कारण माहीत असलेले दुःख आणि कारण न सापडणारे दुःख असा फरकही त्यांनी केला आहे.

राज म्हणजे अमानत

आता जी गोष्ट सांगतो ती सांगावी की नाही यावर मी बराच विचार केला. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आमच्या बाजारातील एका कारखानदाराकडे माझी मोठी उधारी होती. त्याचे माग बंद पडले, फोन उचलणे बंद झाले, तो दुकानावरून मान खाली घालून जाऊ लागला. मी मुलीला म्हणालो, "तू एवढे शिकतेस तर त्याच्याशी बोल. माणूस मोकळा होईल." ती म्हणाली, "अब्बा, तो आपला देणेकरी आहे. मी ऐकायला बसले तरी मध्ये आपली खातेवही असेल. मी त्याची समुपदेशक होऊ शकत नाही. त्याला दुसऱ्याकडे पाठवा." मी नाव-पत्ता दिला.

काही आठवड्यांनी राहवले नाही. तिच्याच दवाखान्यात दुसरे समुपदेशक होते. मी सहज विचारले, "तो आला होता का?" ती म्हणाली, "ते मी सांगू शकत नाही." मला राग आला. पैसे माझे अडकलेले, सल्ला माझा, आणि घरातलीच मुलगी होय-नाही सांगत नाही! दोन दिवस मी धड बोललो नाही. मग रात्री जेवताना ती शांतपणे म्हणाली, "उद्या तुम्हाला कोणाकडे जावेसे वाटले आणि बाजाराला कळले, तर तुम्ही जाल?"

आपल्याकडे अमानत म्हणजे ठेवलेला पैसा किंवा दागिना, एवढेच आपण धरतो. सांगितलेली गोष्टही अमानतच असते. रुग्णाच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर गुप्तता मोडावी लागते आणि तेही समुपदेशक आधीच सांगून ठेवतो. एरवी दाराबाहेर शब्द जात नाही. तो कारखानदार तिथे गेला की नाही हे मला आजही माहीत नाही. आता मी विचारतही नाही.

कमाईचा हिशेब

धंद्याच्या पानावर हिशेब हवाच. या पेशात तासाची साठवण होत नाही. आजचा तास रिकामा गेला तर तो उद्या विकता येत नाही. दिवसाला आठ-दहा माणसे बसवू म्हटले तर कान बोथट होतात. चार-पाच बैठका पुष्कळ झाल्या. शहरात एका बैठकीचे हजार-दोन हजार घेणारे आहेत, आणि ट्रस्टच्या दवाखान्यात शे-दोनशेत बसणारेही. सुरुवातीची वर्षे तंगीची जातात हे गृहीत धरावे. स्वतः अनुभवी माणसाकडून मार्गदर्शन घेण्याचा खर्चही चालूच राहतो, जसा मागाच्या दुरुस्तीचा.

पण काम आहे. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे दिसले. कुटुंब न्यायालयांत समुपदेशक असतात, त्याची तरतूद १९८४ च्या कायद्यात आहे. सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रांत समुपदेशक असतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी निदान एक पात्र समुपदेशक नेमायचा आहे. आपल्या ट्रस्टच्या शाळा आणि वसतिगृहे चालवणाऱ्यांनी हे वाचून ठेवावे.

पैसे भरण्यापूर्वी

ज्या घरात कोणी या वाटेने जाऊ पाहत असेल त्यांनी फीची पावती फाडण्याआधी संस्थेला एवढे विचारावे :

१. अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा आणि कोणाच्या मान्यतेचा? कागद दाखवा.

२. खऱ्या रुग्णांबरोबर किती तास बसवता आणि कोणत्या दवाखान्यात?

३. त्या तासांची तपासणी कोण करतो? त्याचे स्वतःचे शिक्षण काय?

४. मागच्या तुकडीतील मुले आज कुठे काम करतात? त्यांच्यापैकी दोघांशी बोलू द्या.

पहिल्या उत्तराला कागद आणि दुसऱ्या-तिसऱ्याला आकडा व नाव मिळाले नाही, तर तिथून उठावे. जाहिरात कितीही मोठी असो.

आणि वाचकांपैकी कोणाला आजच बोलायची गरज असेल तर १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची 'टेलिमानस' ही सेवा सुरू आहे. क्रमांक १४४१६. कोणत्याही वेळी, विनामूल्य, मराठीत आणि उर्दूतही बोलता येते. पलीकडे शिकलेला माणूस असतो आणि तो बाजारात कोणाला सांगत नाही.

आमच्या भिंतीवरची सोनेरी किनारीची चौकट मुलीनेच काढली. खिळा तसाच आहे. एम.ए.चे प्रमाणपत्र आले तेव्हा मी ते तिथे लावायला निघालो. ती म्हणाली, "राहू द्या अब्बा. आधी माझे तास भरू देत."